घोंगडे आणि गालिचा

गेल्या दिवाळीत आष्ट्याच्या आमच्या घरी बाजारातून एक गालिचा आला. विकणाऱ्याने तो ‘अस्सल लोकरीचा’ म्हणून छातीठोकपणे सांगितले होते. आजीने त्यावरून हात फिरवला व मला विचारले, “तू कालेजात शिकतुयास न्हवं? मग सांग की, ही मेंढराचीच लोकर हाय का?” मला सांगता आले नाही. चार दिवसांनी उदबत्तीचे जळते टोक त्यावर पडले आणि उत्तर मिळाले. जागा वितळून तेथे काळी, कडक गाठ झाली.

मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी या गाठीने मला रसायनशास्त्राकडे नेले. लोकर म्हणजे प्रथिन. ती केस जळल्यासारखा वास सोडते व तिची राख बोटांनी चुरडते. कृत्रिम धागा म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिकच. खनिज तेलापासून मिळणाऱ्या लहान रेणूंची लांब साखळी करतात. नायलॉन, पॉलिएस्टर व पॉलिप्रॉपिलीन हे पदार्थ वितळवून बारीक छिद्रांतून दाबतात. धार थंड झाली की धागा तयार!

प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कॅरोदर्स यांनी १९३५ साली अमेरिकेत शोधलेले नायलॉन चिवट. पायाखाली दबले तरी पुन्हा उभे राहते. इंग्लंडमध्ये १९४१ साली जन्मलेल्या पॉलिएस्टरवर डाग कमी पडतात. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पाणी पीत नाही, पण जड कपाटाखाली चेपले की चेपलेच, आणि सुमारे १६५ अंशांना वितळते. लोकरीची हुबेहूब नक्कल करते ते अ‍ॅक्रिलिक.

यात कृत्रिम धाग्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला कसर लागत नाही आणि तो गरिबाच्या खिशाला परवडतो. आजोबांच्या घोंगड्याला मात्र चुलीच्या ठिणग्या सोसवल्या. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर आणि चिंचोक्याची खळ यांचे ते काम. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेते, म्हणून ती सहजी पेटत नाही.

मित्रहो, ‘लोकरीचा’ माल घेताना कडेचा एक धागा मागून घ्या व चिमट्यात धरून जाळून पाहा. खोटे नाव लावून माल विकला की गिऱ्हाईक तर फसतेच. पण हातमागावर खरे घोंगडे विणणाऱ्या सनगराचाही घास जातो.

आजीला हे सारे सांगितले. ती म्हणाली, “गालिचा वाईट न्हाई बाबा. खोटं बोलून इकला, त्ये वाईट.” आता गालिचा सोप्यात असतो आणि देवापुढे पुन्हा घोंगडे अंथरले आहे.