नवा अॅम्प्लिफायर आणि आपले कान

आमच्या एका शिक्षक-मित्राने हेडफोनसाठी नवा अॅम्प्लिफायर घेतला. फळा पुसायच्या डस्टरएवढी धातूची पेटी, पुढे आवाज कमी-जास्त करायचे गोल बटण आणि तारा लावायच्या खाचा. सुट्टीच्या दिवशी आम्ही पाच जण त्याच्याकडे जमलो. लॅपटॉपवर एक ख्याल लावला. आधी हेडफोन थेट लॅपटॉपला जोडून ऐकला, मग अॅम्प्लिफायरमधून. पाचही जणांचे एकमत झाले, फरक आहे! एकाला तानपुरा स्वच्छ वाटला, एकीला डग्गा भरदार वाटला, तर कोणाला गायक समोर येऊन बसल्यासारखा वाटला.

त्या रात्री आमच्यातल्या एकाच्या कानात बराच वेळ बारीक शिट्टी वाजत राहिली. ते आम्ही हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी मात्र एका बाईंनी विचारले, "दोन्ही वेळी आवाज सारखाच मोठा होता का?" याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. वर्गात आपण मुलांना सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही स्वतःच ते विसरलो होतो.

अॅम्प्लिफायर करतो काय?

हेडफोनमध्ये चुंबकाजवळ तारेचे बारीक वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की वेटोळे मागेपुढे हलते. त्याला चिकटलेला पातळ पडदा हवा हलवतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. वेटोळ्याला मिळणारी शक्ती काढायची तर विद्युतदाबाचा वर्ग करून त्याला रोधाने भागावे. समजा, दाब १ व्होल्ट आहे. हेडफोनचा रोध ३२ ओहम असेल, तर शक्ती सुमारे ३१ मिलिवॉट मिळेल. रोध ३०० ओहम असेल, तर जेमतेम ३.३ मिलिवॉट. बाकी सारे सारखे धरले, तर दुसऱ्याचा आवाज सुमारे १० डेसिबलने कमी, म्हणजे कानाला साधारण निम्मा वाटेल.

मित्राचा हेडफोन ३०० ओहमचा आहे. अशा वेळी अॅम्प्लिफायर उपयोगी पडतो. आत येणाऱ्या लहरीचा आकार न बदलता तो तिचा दाब वाढवतो. चांगल्या अॅम्प्लिफायरने इतकेच करावे, स्वतःचे काही मिसळू नये, अशी अपेक्षा असते. मग आम्हाला डग्गा भरदार का वाटला?

कानाचा स्वभाव

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपला कान सर्व स्वर सारख्याच तयारीने ऐकत नाही. आवाज हळू असताना खर्जातले स्वर त्याला फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त वाढल्यासारखा वाटतो. म्हणून डग्गा भरदार! शिवाय पंख्याच्या घरघरीत बुडालेले तानपुऱ्याचे बारीक झंकारही आवाज वाढवल्यावर वर येतात. आवाजातला फरक डेसिबलभराचा असेल, तर 'हा मोठा आहे' असे आपल्या लक्षात येत नाही. 'हा छान आहे' असे मात्र वाटते.

आमचा प्रयोग

पुढच्या रविवारी आम्ही मल्टिमीटर घेऊन बसलो. लॅपटॉपवर १०० हर्ट्झचा एकच सलग स्वर लावला. (साधे मल्टिमीटर उंच स्वरांचा दाब चुकीचा दाखवू शकतात, म्हणून स्वर खालचा घेतला.) हेडफोन जोडलेला ठेवूनच दोन्ही प्रकारे दाब मोजला. अॅम्प्लिफायरचे बटण पहिल्या दिवसापासून कोणी हलवले नव्हते. तिथे दाब दुपटीहून थोडा जास्त निघाला! दाब दुप्पट म्हणजे शक्ती चौपट, म्हणजे ६ डेसिबल. आम्ही दोन यंत्रांची नव्हे, दोन आवाजांची तुलना केली होती.

मग बटण फिरवून दोन्ही दाब सारखे केले आणि बटणावर चिकटपट्टी लावली. ऐकणारा भिंतीकडे तोंड करून बसला. मागे एक जण नाणे उडवून, छापा की काटा पाहून जोडणी करी. जोडणी तीच राहणार असली, तरी तो पिन काढून पुन्हा घाली, म्हणजे खटक्यावरून ओळखता येऊ नये. प्रत्येकाला दहा संधी दिल्या. बरोबर उत्तरे आली ४, ६, ५, ७ आणि ५, म्हणजे ५० पैकी २७. नुसता अंदाज केला असता तरी साधारण २५ आलीच असती. दहापैकी नऊ किंवा दहा उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे शंभरात एखादी. तसे कोणी निघाले असते, तर आम्ही त्याचे म्हणणे मानले असते.

याचा अर्थ अॅम्प्लिफायर निरुपयोगी आहे असा नव्हे. फार हळू आवाजात मुद्रित झालेली एक जुनी मैफल आम्ही लावली. लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवूनही आलाप नीट ऐकू येईना. अॅम्प्लिफायर जोडताच तो आरामात ऐकू आला. तिथे त्याचे काम खरे होते.

शिट्टी कशाची होती?

कानाच्या आतल्या शंखाकृती भागात सुमारे १५,००० केशपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात. तेव्हा शिट्टी ऐकू येते, ऐकणे तात्पुरते मंदावते. हेच वारंवार झाले तर त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील निऑश या संस्थेने दिलेली मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ८८ चा ४ तास, ९१ चा २ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. आम्ही नकळत वाढवलेल्या ६ डेसिबलनी आमची वेळ एक-चतुर्थांशावर आणली होती. अॅम्प्लिफायरमध्ये ताकद भरपूर असते आणि 'मोठे ते छान' हा आपला समज हाताला बटणाकडेच नेतो. आता आमचा मित्र हेडफोन कानाला लावण्यापूर्वी बटण शून्यावर आणतो.

वर्गात करून पाहा

यासाठी अॅम्प्लिफायर लागत नाही. साध्या स्पीकरवर एकच गाणे दोनदा वाजवा. दुसऱ्या वेळी आवाज किंचित वाढवा, पण ते सांगू नका. कोणते चांगले आणि का, हे मुलांना वहीत लिहू द्या. सगळ्यांचे लिहून झाल्यावर काय केले होते ते सांगा. सारखा आवाज कसा ठेवता येईल, हा प्रश्न मुले बहुधा स्वतःच विचारतील. तो प्रयोग मग त्यांनाच आखू द्या.