न उघडलेल्या कुपीचा हिशेब

मनमाडहून सिकंदराबादेकडे गेलेला, निजामाच्या अमदानीत घातलेला लोहमार्ग आणि भोकर, किनवटच्या वाटेने आदिलाबादेस जाणारा फाटा यांची जेथे गाठ पडते, त्या मुदखेडच्या परिसरात फुलशेतीने चांगले मूळ धरले आहे. आणि पहाटे तोडलेले गुलाब किंवा काकडा वेळेत बाजारात पोहोचला नाही तर मालाची किंमत कशी उतरते, हे येथल्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. कालची मागणी किती होती, उद्या लग्नतिथी आहे की नाही, गाडी किती उशिराने धावते आहे, एवढ्या वर्तमानावर तो किती फुले तोडायची हे ठरवतो. याच तालुक्यात याहूनही नाशवंत असा दुसरा माल सरकारी गाडीतून येतो, तो म्हणजे बालकांच्या लसी, इन्सुलिन, सर्पदंशावरचे प्रतिविष आणि मुदतीचा शिक्का घेऊनच जन्मास येणारी शेकडो औषधे. पण त्यांच्या ये-जा करण्यामागे तसे ताजे वर्तमान बहुधा नसते, आणि आरोग्यव्यवस्थेतील नासाडीचे मूळ मला तेथेच दिसते.

लसीचा प्रवास पाहावा. पुण्याच्या राज्य भांडारातून ती लातूरच्या विभागीय भांडाराकडे, तेथून नांदेडच्या जिल्हा भांडाराकडे आणि अखेरीस प्राथमिक आरोग्य केंद्राकडे येते, आणि या सबंध वाटेवर तिचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहावे लागते. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो हे ध्यानात घेतले म्हणजे या शीतसाखळीचे मोल कळते. आरोग्य केंद्रात तिच्यासाठी ‘आयएलआर’ नावाची पेटी असते. तिचे झाकण वरच्या बाजूस असते, कारण थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडले तरी ती तळाशीच राहते. आणि आतील भिंतींलगत बर्फाचे अस्तर असते, ज्याच्या बळावर चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी पेटी आपले तापमान सांभाळते. प्रत्येक कुपीवर एक रंगीत वर्तुळ व त्यात फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होत जातो आणि त्याचा रंग वर्तुळाच्या रंगाशी मिळाला की ती कुपी बाद. मात्र थंडीचा अतिरेक या चौकोनास दिसत नाही. हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसींत प्रतिजन ॲल्युमिनियमच्या क्षारांना चिकटवलेले असते; लस एकदा गोठली की हे कण एकमेकांत गुंतून त्यांचे गोळे होतात, आणि वितळल्यानंतर कुपी वरकरणी जशीच्या तशी दिसली तरी तिचे सामर्थ्य गेलेले असते. म्हणून शंका आली तर अनुभवी औषध निर्माण अधिकारी त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवतो, ती व संशयित कुपी एकाच हातात धरून हलवतो आणि शेजारी शेजारी ठेवतो. संशयित कुपीतला गाळही गोठवलेल्या कुपीइतक्याच घाईने तळाशी बसला, तर तो सारा साठा बाजूला काढला जातो. उन्हाने बिघडलेल्या लसीइतकीच बर्फाने बिघडलेली लस वाया जाते, आणि ती न कळता टोचली गेली तर बालकाचे संरक्षणही वाया जाते.

परंतु पेटी उत्तम चालूनही नासाडी होते, आणि तिचे कारण भौतिकशास्त्रात नसून दफ्तरात असते. मुदखेडजवळच्या एखाद्या केंद्रात एखाद्या गोळीच्या महिन्याला १०० पट्ट्या खपतात असे धरू. मागील खेपेस मागणीपत्र पाठवूनही माल उशिरा आला, हे लक्षात ठेवून केंद्र या वेळी १२० मागते. तालुक्याची पातळी त्यावर आपला पाचवा हिस्सा चढवून १४४ मागते. जिल्हा तीच सावधगिरी बाळगून १७३ पर्यंत जातो. खप तसूभरही वाढलेला नसतो, वाढलेली असते ती धास्ती. पुढे हा माल एकदम येऊन कोठार भरते, मग काही महिने मागणीच थांबते, पुरवठादारास वाटते की गरज सरली, आणि पुढच्या तुटवड्याची तयारी त्याच दिवशी सुरू होते. अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी कारखान्यांच्या संदर्भात हा विषय १९५८ मध्ये मांडला होता. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीस आढळले की तान्ह्या बाळांच्या लंगोटांचा घरोघरचा खप जवळजवळ स्थिर असूनही कारखान्याकडे येणारी मागणी मात्र जोराने वरखाली होते. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये या हेलकाव्याची कारणे उलगडून दाखवली, आणि त्यांतले एक कारण आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रास ओळखीचे आहे: वाटपात कपात होणार हे ठाऊक असले की मागणारा दुप्पट मागतो. म्हणूनच एका केंद्रात मुदत उलटलेल्या औषधांची खोकी आणि शेजारच्या केंद्रात ‘औषध शिल्लक नाही’ हा शेरा, ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत.

या ठिकाणी एक भेद आग्रहाने केला पाहिजे, कारण नासाडी कमी करा असा हुकूम वरून सुटला की तो बहुधा भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. क्षयावरील बीसीजीच्या एका कुपीत दहा मात्रा असतात. द्रावकात मिसळल्यानंतर ती चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकावी लागते, कारण तिच्यात जंतूंना आवरणारे परिरक्षक द्रव्य नसते. आता एखाद्या तांड्यावरच्या सत्रास तीनच बालके आली तर सात मात्रा जाणार, म्हणजे ७० टक्के. तेरा आली तर दोन कुप्या फोडाव्या लागून वीसपैकी सात, म्हणजे ३५ टक्के. हे गणित आरोग्यसेविकेच्या निष्काळजीपणाचे नसून कुपीच्या आकाराचे व गावाच्या लोकसंख्येचे आहे, आणि म्हणूनच बीसीजीसाठी निम्म्यापर्यंतची घट शासकीय नियोजनात गृहीत धरली गेली आहे. पेंटाव्हॅलंटसारखी लस, अटी पाळल्या तर, उघडल्यानंतरही २८ दिवसांपर्यंत वापरता येते; तिथे काटकसर जरूर करावी. परंतु एका बाळासाठी बीसीजीची कुपी कशाला फोडायची, पुढच्या महिन्यात या, असे सांगून ज्या मातेस परत पाठवले जाते ती मजुरी बुडवून आलेली असते आणि पुन्हा येईलच अशी शाश्वती नसते. उघडलेल्या कुपीतली घट हा सेवेचा खर्च आहे. न उघडता मुदत उलटलेली किंवा गोठून गेलेली कुपी ही व्यवस्थेची चूक आहे. जमाखर्चात या दोन रकमा एकाच रकान्यात घालणे मला अन्यायाचे वाटते. मे २०२१ च्या आरंभी केरळने कोविड लसीच्या आलेल्या ७३,३८,८०६ मात्रांतून ७४,२६,१६४ मात्रा टोचल्याचे जाहीर केले, आणि कुपीत राहणारा थोडासा जादा द्रव नेमकेपणाने ओढून अकरावी मात्रा काढणाऱ्या परिचारिकांचे कौतुक झाले ते यथार्थच होते. मात्र दारात रांग उभी असताना साधलेले ते कसब तीन बालकांच्या सत्रास मोजपट्टी म्हणून लावता येणार नाही.

खपाचे वर्तमान वेगाने फिरवण्याची साधने मात्र आता हाताशी आहेत. २०१५ पासून देशात टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘ई-विन’ व्यवस्थेत साठ्याची नोंद मोबाइलवरून होते आणि पेटीतला संवेदक तापमान बिघडताच इशारा देतो. औषधांच्या बाबतीत तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापून प्रत्येक रुग्णालयास एक पासबुक दिले. वर्षाची रक्कम ठरलेली, जिल्ह्याच्या गुदामातून गरजेप्रमाणे माल उचलावा आणि नोंद व्हावी. आपल्या वाट्याचे कोणी पळवणार नाही ही खात्री पटली की साठेबाजीचे प्रयोजनच उरत नाही. महाराष्ट्रात २०१७ पासून खरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, शासनाने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ज्या घरांतली बाळे गेली त्यांना त्या दिवशी कोणते औषध किती शिल्लक होते हे विचारण्याचा हक्क होता, आणि साठ्याची नोंद अशी असावी की हे उत्तर चौकशी समितीची वाट न पाहता, त्याच दिवशी, कोणासही वाचून दाखवता यावे.

मुदखेड तालुक्यापुरते बोलायचे तर करण्याजोगे काम मोठे नाही. मागणीपत्र गतवर्षीच्या आकड्याची नक्कल न राहता मागील तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष खपावर बेतावे. ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी द्यावे. आणि मुदतीस तीन महिने उरले असता बारडकडे पडून असलेला साठा मुगटकडे हलवण्याची मंजुरी तालुक्याच्याच पातळीवर एका दिवसात मिळावी, त्यासाठी कागद नांदेडपर्यंत जाऊन यावा लागू नये. बाद झालेल्या प्रत्येक न उघडलेल्या कुपीचे कारण, मग ते वीज असो, वाहन असो की वाढवून केलेली मागणी, दरमहा लिहिले जावे आणि वरच्या भांडाराने ते वाचावे. बीसीजीची कुपी किती बालकांसाठी उघडली, याचा जाब मात्र कोणी आरोग्यसेविकेस विचारू नये.