डिझेल गाडीचा इंधनकाटा व मध्येच बंद पडणारे इंजिन : दोष कसा शोधावा?

शेतमाल बाजारात नेणे, दूध संकलन केंद्रावर पोहोचविणे, प्रसंगी आजारी माणसाला दवाखान्यात हलविणे ही कामे खेडोपाडी अनेक ठिकाणी जुन्या डिझेल जीपवर अवलंबून असतात. काट्यावर पाव टाकी तेल दिसत असताना अशी गाडी मध्येच बंद पडली, की इंजेक्शन पंप बिघडला असा तर्क करून तो उतरविण्याची घाई केली जाते. पंपाची दुरुस्ती खर्चाची असते. आणि खरा दोष पुष्कळदा टाकीच्या झाकणात किंवा एखाद्या सैल तारेत सापडतो. म्हणून पान्हा हाती घेण्यापूर्वी पुढील परीक्षा क्रमाने कराव्यात.

प्रथम टाकी मोजावी

इंधनकाटा केवळ माप दाखवितो. तो बिघडल्याने इंजिन बंद पडत नाही. परंतु खोट्या काट्यावर विसंबल्यास टाकी नकळत रिकामी होते, नळ्यांत हवा शिरते आणि मग तेल भरूनही इंजिन चालू होत नाही. यासाठी टाकीचे तोंड सरळ असल्यास स्वच्छ, कोरडी काठी आत घालून तेलाची पातळी पाहावी. तोंडाची नळी वाकडी असल्यास टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुन्हा टाकी भरताना लागलेल्या लिटरांवरून काट्याचा खरेखोटेपणा कळतो.

काट्यातील दोष

टाकीत तेलावर तरंगणारा एक फ्लोट असतो. तो वरखाली होताना त्याच्या दांडीमुळे विजेचा रोध बदलतो व त्याप्रमाणे काटा हलतो. फ्लोटला छिद्र पडून त्यात तेल शिरले, तर तो बुडतो आणि भरलेली टाकीही रिकामी दिसते. दांडी अडकली, तर काटा एकाच जागी राहतो. रोधाची पट्टी झिजली, तर काटा ठरावीक ठिकाणी उड्या मारतो. टाकीचा अर्थ गंजला असल्यासही माप चुकते.

जुन्या साध्या काट्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. किल्ली चालू ठेवून फ्लोटकडे जाणारी तार सोडवावी. काटा एका टोकाला जातो. तीच तार गाडीच्या स्वच्छ लोखंडी भागाला क्षणभर टेकवावी. काटा दुसऱ्या टोकाला जातो. असे झाल्यास काटा व तार चांगली असून दोष फ्लोटकडे किंवा टाकीच्या अर्थमध्ये आहे, असे समजावे. ही परीक्षा करताना टाकीचे झाकण घट्ट लावलेले असावे व जवळ विडी पेटवू नये. संगणकीय मापकांच्या नव्या गाड्यांत ही परीक्षा करू नये.

इंजिन कसे बंद पडते, ते पाहावे

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेटते. म्हणून इंजिन बंद पडताना तेल पोहोचत नाही काय, हे आधी पाहावे.

इंजिन अडखळत, ताकद गमावीत बंद पडले, तर तेलाच्या वाटेत अडथळा किंवा हवा आहे, असे मानावे. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र धुळीने बुजल्यास टाकीत पोकळी होते. अशा वेळी झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो व काही वेळाने इंजिन पुन्हा चालते. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे तेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असल्यास ते खाली बसते. टाकीतील तेल ओढणारी नळी मध्येच चिरली असेल, तर पातळी त्या चिरेखाली जाताच नळी हवा ओढते. टाकी भरली की गाडी चालते आणि पाव टाकीवर थांबते, हे या दोषाचे लक्षण होय. ओढनळीचा सांधा सैल असल्यास तेल बाहेर गळेलच असे नाही. बहुधा हवाच आत शिरते.

इंजिन दिवा मालवल्यासारखे एकाएकी थांबले, तर विजेचा दोष शोधावा. अनेक गाड्यांत पंपावर सोलेनॉइड असतो व त्याचा वीजपुरवठा तुटताच तेल बंद होते. किल्ली चालू ठेवून त्याची तार काढून लावली असता टक् असा आवाज यावयास हवा. इंजिन थांबतानाच सर्व काटेही खाली पडत असतील, तर सामाईक फ्यूज, किल्लीचा स्विच व तारांचे जोड तपासावेत.

हवा काढणे व सावधगिरी

इंजिनाने हवा धरली असल्यास फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे संपून तेलाची अखंड धार येताच स्क्रू घट्ट करावा. १९९७ पासून प्रवासी गाड्यांत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत तेलाचा दाब वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक असतो. तेथील उच्च दाबाच्या नळ्यांना हात लावू नये. ती धार कातडीत घुसते. असे घडल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

घाटात इंजिन बंद पडल्यास ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत एकदोन दाबांतच संपते व पॉवर स्टिअरिंग असल्यास तेही जड होते. म्हणून गाडी तशीच उतारावर सोडू नये. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा व ती कडेला उभी करावी. दोष सापडेपर्यंत तिच्यातून माणसांची ने-आण करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गाडीत एक वही ठेवण्यास सांगावे. भरलेले तेल, किलोमीटर, फिल्टर बदलल्याची तारीख आणि इंजिन कोठे व कसे बंद पडले, एवढी नोंद असली तरी मिस्त्रीचे निम्मे काम होते आणि शेतकऱ्याचा अकारण होणारा खर्च वाचतो.