सुरेवरची साय

पेडणे-डिचोलीच्या घरांत आंबटासाठी हात आधी आमसोलांच्या बरणीकडे जातो. शिरका तो ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातला. तरीही माडाच्या सुरेचा शिरका ज्या रीतीने होतो, तिचे मोल आता रसायनउद्योगही ओळखू लागला आहे. सूर आंबून मद्यार्क होतो. मग तिच्यावर बुळबुळीत साय धरते. ही जिवाणूंनी स्वतः विणलेली वसाहत. प्राणवायू घेऊन ती मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल करते आणि स्वतः शिल्लक उरते. पुढच्या सुरेस तेच विरजण! हे सजीवांचे कार्य होय, असे पाश्चरने १८६४ साली दाखविले. परंतु १८२३ मध्येच जर्मनीत शुत्सेनबाखने लाकडाच्या ढलप्यांवर असा थर धरवून शिरक्याचे काम झपाट्याने उरकले होते. सुटे जिवाणू मालाबरोबर वाहून जातात, थर करून राहिलेले टिकतात आणि विषारी द्रावही अधिक सोसतात. म्हणूनच शास्त्रज्ञ या ‘बायोफिल्म’कडून इतर रसायनेही करवून घेऊ पाहतात.

इकडे मात्र ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेली बाटली स्वस्त पडते, आणि रेंदेराचा मुलगा माडावर चढेनासा झाला आहे. कृत्रिम शिरक्यावर तसे छापण्याचे कायद्याचे बंधन आहे. गिऱ्हाईक ते वाचतो कोठे? जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने गावोगावची ही विरजणे जपावीत आणि त्यांचा दाम रेंदेराच्या हाती पडावा, अशी आमची मागणी आहे.