वळणावर अंग कुठे झुकवायचं?

सायकल जोरात असताना वळण आलं की तुम्ही आपोआप आतल्या बाजूला झुकता. हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही! सरळ राहिलात तर तोल बाहेर जाईल, हे शरीराला आधीच कळलेलं असतं. मोटारसायकलचंही तसंच. फक्त तिथे वेग जास्त, वजन जास्त आणि चुकलं तर मारही जास्त.

गाडी किती कलणार हे दोन गोष्टी ठरवतात : वेग आणि वळणाची त्रिज्या. समजा, वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गेलात तर गाडी सुमारे १९ अंश कलते. वेग ५४ केला, की ३७ अंश! वेग दीडपट झाला, पण टायरला लागणारी पकड सव्वादोनपट झाली. कारण इथे वेगाचा वर्ग मोजावा लागतो. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावरही इथे पकडीची हद्द जवळ येते.

मग अंग झुकवून काय मिळतं? गाडी ११० किलोची आणि चालवणारा ६० किलोचा धरू. त्याने अंग दहा सेंटिमीटर आत नेलं, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर आत सरकतो. तेवढ्याने गाडी सुमारे तीन अंश कमी कलली तरी चालते. बस, तीनच अंश! सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली. तिथले शर्यतपटू गुडघा जमिनीला लागेपर्यंत आत लटकत होते, ते याचसाठी. गाडी साठ अंशांपर्यंत कलत असेल, तर दोन-चार अंशही सोन्यासारखे असतात.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अंग कितीही झुकवलं, तरी टायरला लागणारी पकड तेवढीच राहते. ती कमी करायची तर वेगच कमी करायला हवा.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचे रस्ते आठवा. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव करत भामरागडला जाणारा रस्ता घ्या, नाहीतर चंद्रपूर-मूल रस्ता. शर्यतीचा ट्रॅक झाडून स्वच्छ केलेला असतो, समोरून कुणी येत नाही. इथे मात्र वळणावर बांबूची बेटं आडवी येतात आणि पलीकडे चितळ उभं आहे की गुरांचा कळप, ते दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची वाळकी पानं, पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, कडेला मुरूम. पानांवर किंवा चिखलावर टायरची पकड एकदम घटते. म्हणून ब्रेक लावायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. वळणात ब्रेक दाबला, तर थोडीशी उरलेली पकड ब्रेक आणि वळण या दोघांत वाटली जाते. मग चाक घसरतं.

गावातल्या बोळात अगदी हळू वळताना मात्र उलट करावं लागतं. गाडी आत कलवायची आणि अंग सरळ ठेवायचं. तिथे वेगाचा प्रश्न नसतो, फक्त तोल सांभाळायचा असतो.

मोटारसायकल चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत, तेव्हा सध्या तुमची जागा मागची! पण मागच्यालाही काम असतं. वळणावर गाडी कलली की काही मुलं घाबरून उलट्या बाजूला झुकतात. मग बाबांना गाडी आणखी कलवावी लागते, तीही अचानक. तसं करू नका. दोन्ही पाय पायदानावर ठेवा, बाबांची कंबर धरा आणि वळण उजवीकडचं असेल तर त्यांच्या उजव्या खांद्यावरून पुढे बघा. अंग आपोआप त्यांच्याबरोबर वळतं, वेगळं काही करावं लागत नाही. हेल्मेट तुमच्याही डोक्यावर हवं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते घालावं, असं कायदाच सांगतो.

आणि पालकहो, मागच्या मुलाला मध्येच "नीट बस रे!" म्हणून ओरडू नका. निघण्याआधीच सांगा. धानाचं पोतं मागे बांधताना तुम्ही दोरी दोनदा तपासता ना? पोतं निदान घाबरून उलटं झुकत तरी नाही!