फुटबॉल सांभाळणारा शास्त्रज्ञ

बालमित्रांनो, समजा तुम्ही शाहूवाडी तालुक्यातल्या एखाद्या शाळेत शिकता. आषाढ लागलाय. आंबा घाट धुक्यात बुडालाय. कडवी नदीचं पाणी काचपट्टीवर घेऊन त्यात काय वळवळतं ते तुम्हाला बघायचंय. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे, पण एकच! आणि नेमकं त्याचं भिंग तडकलेलं. नवं भिंग मलकापुरात नाही, बांबवड्यात नाही. कोल्हापूरला चौकशी करायची, तिथं नसेल तर पुण्याहून मागवायचं. भिंग येईपर्यंत पाऊस सरतो आणि तुमचा प्रश्नही मनातून निसटून जातो.

आता शाळेच्या जागी एखादा अख्खा देश ठेवून बघा. तिथला संशोधक हुशार आहे, कष्टाळू आहे. त्याच्याकडे यंत्रही आहे. पण यंत्राचा एक बारीकसा भाग निकामी झाला, की काम महिनोन् महिने ठप्प! नवी संशोधनपत्रं वाचायला मिळत नाहीत. आपल्या विषयावर दोन शब्द बोलावेत, असं माणूसही आसपास नाही. मग त्यानं काय करायचं? बॅग भरायची आणि परदेशी जायचं?

एका शास्त्रज्ञावर ही वेळ खरोखर आली होती. त्याचं नाव अब्दुस सलाम.

रिकामा वेळ आणि फुटबॉल

सलाम यांचा जन्म १९२६ सालचा. त्यांचं गाव झंग, आता पाकिस्तानात आहे. केंब्रिजला उत्तम शिक्षण घेऊन १९५१ मध्ये ते लाहोरच्या कॉलेजात प्राध्यापक झाले. संशोधन करायचं, अशी केवढी उमेद! पण तिथं त्यांना सांगण्यात आलं, की शिकवून उरलेल्या वेळात कॉलेजचं एखादं काम अंगावर घ्या. वसतिगृह सांभाळा, हिशेब बघा, नाहीतर फुटबॉलचा संघ चालवा. सलाम यांनी फुटबॉल निवडला.

फुटबॉल वाईट नाही हं! आपल्या कोल्हापुरात तर फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. पण ज्याला अणूच्या पोटातली कोडी सोडवायची आहेत, त्याच्याशी त्या कोड्यांबद्दल बोलणारं कुणीच जवळ नसेल, तर त्याचा जीव गुदमरणारच. १९५४ मध्ये सलाम पुन्हा केंब्रिजला गेले. देश सोडायचा की विज्ञान, अशी ती निवड होती. तिचा सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

म्हणून त्यांनी ठरवलं, की ही निवड दुसऱ्या कुणाला करावी लागू नये.

या, शिका आणि घरी जा

सलाम यांच्या प्रयत्नातून १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते शहरात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं एक आंतरराष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. तिथली एक योजना मोठी सुरेख आहे. गरीब देशातल्या प्राध्यापकानं नोकरी आपल्याच देशात करायची, पण काही वर्षांत दोन-तीनदा या केंद्रात येऊन राहायचं. भरपूर वाचायचं, जगभरच्या लोकांशी वाद घालायचा, ताजंतवानं व्हायचं आणि आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जायचं. खर्च केंद्राचा!

१९७९ मध्ये सलाम यांना भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. मग १९८३ मध्ये त्यांच्याच पुढाकारानं त्रिएस्तेमध्ये ‘थर्ड वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस’ स्थापन झाली. विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांची ही संस्था. २०१२ पासून तिचं नाव ‘द वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस’ आहे.

ही अकादमी करते काय? संशोधकांना उपकरणं, रसायनं आणि पुस्तकं यांसाठी अनुदान देते. सुरुवातीच्या काळात तर बिघडलेल्या यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याची खास योजना तिनं चालवली. आठवलं ना आपलं तडकलेलं भिंग? शिवाय एका विकसनशील देशातल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विकसनशील देशात पीएच.डी. करायला ती शिष्यवृत्ती देते. अट एकच, की शिक्षण पुरं झालं की मायदेशी परतायचं. याच अकादमीच्या आधारानं स्त्री-शास्त्रज्ञांची एक वेगळी संघटनाही उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या आफ्रिकेतल्या स्वाझीलँड देशाच्या लिडिया मखुबू.

आपला देश यात कुठे आहे? प्रा. सी. एन. आर. राव २००० ते २००६ या काळात या अकादमीचे अध्यक्ष होते. आणि आपल्या सीएसआयआर या संस्थेनं अकादमीच्या जोडीनं परदेशी संशोधकांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. म्हणजे एकेकाळी मदतीकडे डोळे लावणारा भारत आता मदतीचा हातही पुढे करतो.

कोल्हापूरचा धागा

या अकादमीच्या सदस्यांमध्ये एक नाव तुमच्या ओळखीचं आहे, डॉ. जयंत नारळीकर. जन्म १९ जुलै १९३८, गाव कोल्हापूर! केंब्रिजमध्ये मोठं नाव कमावून १९७२ मध्ये ते भारतात परतले. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. गावोगावच्या विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या प्राध्यापकांनी आयुकात यावं, तिथलं ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, आकाशाचा अभ्यास करावा आणि परत जाऊन आपल्या मुलांना शिकवावं, अशी सोय तिथं आहे. त्रिएस्तेतल्या योजनेचीच ही बहीण म्हणायची.

२० मे २०२५ रोजी नारळीकर आपल्यातून गेले. त्यांची एक सवय मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीसकट उत्तर पाठवीन.

एका पोस्टकार्डाची किंमत ती काय! पण दूरच्या खेड्यातल्या मुलाला वाटायचं, की माझा प्रश्न ऐकणारं कुणीतरी आहे. अकादमी असो की आयुका, तीही दुसरं काय करते? एकट्या पडलेल्या माणसाला सांगते, की तू एकटा नाहीस.

आई-बाबांनो, मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली, की आपण लगेच म्हणतो, ‘इथं राहून काय होणार?’ थोडं थांबून विचारा, ‘इथं काय कमी आहे, आणि ते कुणाकडे मागायचं?’

आणि दोस्तांनो, यंदा पावसाळ्यात कडवीचा तो थेंब बघायचाय ना? मग आजच एक कागद घ्या, प्रश्न लिहा आणि विज्ञानाच्या बाईंच्या हातात द्या. भिंगाचं बघू नंतर!