वर्णनाची चौकट

शोधनिकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळी बऱ्याचदा पानाच्या मेटा वर्णनातून येतात. वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये (तो डिसेंबर २०१८च्या ५.० आवृत्तीत आला) त्यासाठी स्वतःची चौकट बसवता येते. चौकट काढणं सोपं, त्यातलं टिकवणं किचकट. चौकटीमागच्या मेटा फील्डची नोंदणी करताना ‘शो इन रेस्ट’ हा पर्याय चालू केला नाही, तर लिहिलेलं जतनच होत नाही. नवखे मात्र जतन करायच्या बटणालाच दोष देत बसतात.

मग वर्णनाची लांबी दाखवणारी अक्षरमोजणी. जावास्क्रिप्टच्या ‘लेंग्थ’ला विचारलं तर ‘क्षि’ची लांबी ४ येते: क, हलन्त, ष आणि वेलांटी. इंग्रजीच्या हिशेबाने लावलेली मर्यादा मराठी मजकुरावर उगाच लाल होते ती यामुळेच. शिवाय गूगल वर्णन कापतं ते पडद्यावरच्या रुंदीनुसार. आकड्याऐवजी चौकटीखाली निकालाचा नमुनाच दाखवलेला बरा.